शिसवी ब्रिज पुन्हा उखडला तेव्हा

गिटारचा शिसवी ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं जिला अडकवतात ती लाकडी पट्टी, मागच्या कडेने उचलला गेला होता. कागद सहज आत सरकत होता. फटीत गोंद भरून दाबून ठेवला, तर तीन आठवड्यांत पुन्हा तेच. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून सुमारे ७० किलो भरतो, वरवरचं चिकटवणं त्यापुढे टिकणार कसं?

खरी अडचण लाकडातच होती. शिसवात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात. कापलेला पृष्ठभाग काही दिवस पडून राहिला की ती वर येतात आणि गोंद नीट धरत नाही. तेच शिसव वाजताना इतकं भरदार आणि घुमणारं, म्हणून दुसरं लाकूड लावायचं मनात आलं नाही.

या वेळी ब्रिज गरम करून, पातळ सुरीने हळूहळू पूर्ण सोडवला. घाई केली तर गिटारच्या वरच्या स्प्रूस लाकडाच्या फळीचे धागे उपटून येतात, इथे मी तासभर घालवला. दोन्हीकडचा जुना गोंद खरवडला. ब्रिजचा तळ चिकटवण्याच्या अगदी आधी ताजा खरवडून ॲसिटोनने पुसला. फडक्यावर जांभळट तपकिरी रंग उतरला. ॲसिटोन उडताच लाकूडकामाचा पिवळा गोंद, मग क्लॅम्प. २४ तास हात लावला नाही.

आठ महिने झाले, कागद आत जात नाही.