जर्नलमध्ये बायकांची नावं किती, हे कसं मोजायचं

"हल्ली पीजीला निम्म्या मुलीच असतात, अजून काय पाहिजे" असं मेडिकल कॉलेजच्या डिपार्टमेंटमध्ये कुणी म्हटलं की वाद घालत बसू नका, मोजायला बसा. तुमच्याच विषयाचं एक जर्नल घ्या, मागच्या दोन वर्षांचे सगळे अंक, आणि फक्त ओरिजिनल आर्टिकल, म्हणजे स्वतःच्या संशोधनाचे लेख धरा, केस रिपोर्ट नि पत्रं त्यात मिसळू नका.

एक्सेलमध्ये कॉलम करा: लेखकांच्या यादीतलं पहिलं नाव, शेवटचं नाव, करस्पाँडिंग ऑथर (लेखाबद्दल ज्याच्याशी पत्रव्यवहार करायचा तो लेखक). आपल्याकडे पहिलं नाव बहुतेक राबणाऱ्याचं असतं आणि शेवटचं गाईडचं किंवा एचओडीचं (विभागप्रमुखाचं), म्हणून दोन्हींची बेरीज करायची नाही, खरी गोम तिथेच आहे. अमेरिकन डॉक्टरांच्या लेखांची अशी मोजणी 2006 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली होती, सहा मोठी जर्नल घेतली होती, पहिल्या नावांत बायका 1970 ला 5.9 टक्के होत्या त्या 2004 ला 29.3 झाल्या, पण शेवटच्या नावांत 3.7 वरून 19.3 पर्यंतच पोचल्या.

आता सगळ्यात किचकट भाग, नावं. "एस. एम. पाटील" यावरून काय कळणार? आणि "किरण" तर दोन्हीकडे असतात, नावावरून ओळखणारी ऑनलाइन टूल्स इथे हमखास फसतात. कॉलेजच्या साइटवर फॅकल्टी लिस्ट बघा, आधीच्या पेपरवर पूर्ण नाव मिळतंय का बघा, नाहीच मिळालं तर "कळलं नाही" असा कॉलम ठेवा आणि तो आकडाही सांगा, अंदाजाने भरू नका प्लीज. दोघांनी वेगवेगळं मोजा, मग शीट जुळवा, जिथे फरक येईल तिथे परत जाऊन बघा.

एडिटोरियल बोर्ड वेगळा मोजा, त्यातही मुख्य संपादक आणि असोसिएट एडिटर वेगळे, कारण बोर्डावर भरपूर नावं असतात पण पेपर घ्यायचा की नाही हे वरचे थोडेच लोक ठरवतात. बीएमजे हे ब्रिटनचं मेडिकल जर्नल 1840 पासून निघतंय आणि तिथे पहिली महिला मुख्य संपादक, फियोना गॉडली, 2005 मध्ये आली.

मग तुलना कशाशी? गायनॅक आणि ऑर्थोला एकच फूटपट्टी लावून चालणार नाही, तुमच्या विषयाच्या फॅकल्टीत बायका किती ते आधी काढा आणि त्याच्या शेजारी हा आकडा ठेवा.

मोजणी झाली की आपल्या घरातलंही बघा. माझ्या थिसिसचा पेपर निघाला तेव्हा डेटा, लिखाण सगळं माझं होतं, नाव तिसरं आलं, आणि विचारलं तर "तुझं लग्न ठरलंय ना, तुला कुठे प्रमोशन लागणारे" असं उत्तर मिळालं. मी गप्प बसले, ते आजही सलतं. म्हणून माझ्या रेसिडेंट मुलींना मी सांगते, प्रोटोकॉल एथिक्स कमिटीकडे जायच्या आधीच नावांचा क्रम ईमेलवर लिहून घ्या. आयसीएमजेईचे (मेडिकल जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार निकष त्यातच टाका: कामात ठोस वाटा, लिखाण किंवा त्यातली महत्त्वाची दुरुस्ती, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि पूर्ण कामाची जबाबदारी, चारही पूर्ण झाले तरच ऑथर. ईमेल साधाच ठेवा, "सर, आज ठरल्याप्रमाणे क्रम असा, काही बदल असल्यास कळवावा", आणि गाईडसोबत को-गाईडलाही पाठवा.