बुद्धपूर्व भारत अभ्यासायला घेताय? आधी थर ओळखा

प्राचीन भारताचा पेपर घेतलेल्यांना संहिता (सूक्तांचे संग्रह), ब्राह्मणग्रंथ (यज्ञविधींचं विवेचन), आरण्यकं, उपनिषदं हा वैदिक ग्रंथांचा जुन्याकडून नव्याकडे जाणारा क्रम सांगायला नको. तो सगळ्यांना पाठ असतो. तरीही ‘बुद्धपूर्व काळातील धर्मश्रद्धा आणि समाजव्यवस्था’ या प्रश्नावर भली भली मुलं गुण घालवतात, आणि जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी: वेगवेगळ्या काळांचे थर एकत्र कालवण्यात. मला त्याच जागेनं सगळ्यात जास्त छळलं, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितोय.

साधारण इ. स. पू. १५०० ते ५०० ही हजार वर्षं आपण ‘वैदिक काळ’ या एका नावाखाली कोंबतो. मग उत्तरात पहिल्या ओळीत इंद्र, दुसरीत पुरुषसूक्त (ऋग्वेदातलं चार वर्णांची उत्पत्ती सांगणारं सूक्त), तिसरीत मनुस्मृती, चौथीत चार आश्रम, आणि हे सगळं जणू एकाच गावात एकाच वर्षी चालू होतं. मनुस्मृती बुद्धानंतर काही शतकांनी रचली गेली. तिच्या आधारानं बुद्धाआधीचा समाज सांगता येत नाही. ‘वर्ण जन्मावर नव्हे, गुणकर्मावर होते’ हे सिद्ध करायला गीतेचा श्लोक टाकणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण बहुतेक अभ्यासक गीताही बुद्धानंतरचीच मानतात. दोन्ही बाजू नंतरचा पुरावा आधीच्या काळावर लादतात. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, उत्तरपत्रिकेत हे करू नका.

खुद्द ऋग्वेदातही, म्हणजे त्याच्या दहा मंडलांत (भागांत), थर आहेत. दुसरं ते सातवं मंडल जुनं, पहिलं आणि दहावं उशिराचं. पुरुषसूक्त दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त आहे. चारही वर्णांची नावं एकत्र येतात ती अख्ख्या ऋग्वेदात तिथेच, आणि तिथंही ‘क्षत्रिय’ नाही, ‘राजन्य’ आहे. जुन्या मंडलांत भेटतात ते जन (टोळ्या), विश् (टोळीतले सामान्य लोक), गाईंसाठीच्या लढाया, आर्य आणि दास. नवव्या मंडलाच्या ११२व्या सूक्तात एक जण सांगतो की मी कवी, बाप वैद्य, आई दगडावर धान्य दळते. हे वाचून लगेच ‘समतेचा सुवर्णकाळ’ लिहू नका. त्याच ऋग्वेदात आठव्या मंडलात त्रसदस्यू राजानं पन्नास स्त्रिया दान दिल्याचं कौतुक आहे.

पुढे चित्र कठोर होतं. ऐतरेय ब्राह्मण या ग्रंथात वैश्य हा दुसऱ्याला कर देणारा, आणि शूद्र हा दुसऱ्याचा चाकर, हवा तेव्हा उठवावा, हवा तेव्हा मारावा असा सांगितलाय. हे बुद्धाच्या आधीचं आहे. म्हणजे विषमता दाखवायला मनूकडे धावण्याची गरजच नाही. योग्य थरातला पुरावा हातात आहे, आणि तो पुरेसा बोलका आहे. त्याच काळात लोखंड हाती आलं, वस्ती गंगेच्या खोऱ्यात पूर्वेकडे सरकली, राजसूय-अश्वमेधासारखे मोठे यज्ञ वाढले. शतपथ ब्राह्मण या ग्रंथातला राजा विदेघ माथव सरस्वतीकाठचा अग्नी घेऊन पूर्वेकडच्या सदानीरा नदीपर्यंत जातो, ती कथा या सरकण्याचीच आहे.

आता माझा सगळ्यात ठाम आग्रह. श्रद्धा एका वहीत आणि समाज दुसऱ्या वहीत असं लिहू नका. जुन्या सूक्तांत मेलेला माणूस यमाकडे, पितरांकडे जातो. तिथं पुनर्जन्माचा स्पष्ट सिद्धांत नाही. ब्राह्मणग्रंथांत ‘पुनर्मृत्यू’ची, म्हणजे परलोकातही पुन्हा मरण्याची, भीती येते. मग छांदोग्य उपनिषदात पांचाल राजा प्रवाहण जैवली उद्दालक आरुणी या ब्राह्मणाला पंचाग्निविद्या (मेलेला माणूस पुन्हा जन्माला कसा येतो याची शिकवण) सांगतो आणि वर म्हणतो, ही विद्या तुझ्याआधी ब्राह्मणांकडे गेलेली नाही. त्याच प्रकरणात येतं की चांगल्या आचरणानं ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी, वाईट आचरणानं कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनी. कर्माची कल्पना आणि समाजाची उतरंड इथे एकमेकींत घट्ट बसतात. बुद्ध, महावीर, आजीवक (त्याच काळातला एक संन्यासी पंथ) या सगळ्यांना ज्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं तो इथून दिसतो. छांदोग्यातल्या या एका उताऱ्यावर नीट लिहिलंत तर अर्धं उत्तर उभं राहतं.

क्लासच्या तयार नोट्सबद्दल माझं मत वाईट आहे. त्यांत थर पुसलेले असतात, म्हणून त्या पटकन पाठ होतात. मार्गदर्शक निवडताना त्यांना एवढंच विचारा: हे कोणत्या ग्रंथात, कोणत्या मंडलात? चिडले, तर दुसरे शोधा. संस्कृत येत नाही म्हणून मात्र घाबरू नका. मराठी भाषांतरावर उत्तम काम होतं, फक्त सूक्ताचा क्रमांक शेजारी लिहीत चला.

मराठी मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: वेद म्हणजे सगळा भारत नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथली वस्ती साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० ची. घराच्या जमिनीखाली लहान मुलं दोन कुंभांत तोंडाला तोंड लावून पुरलेली, मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले, आणि मातीच्या पेटीसोबत शिर नसलेली देवीची मूर्ती व बैल. यांची श्रद्धा कुठल्याही सूक्तात सापडणार नाही. परीक्षेत हा मुद्दा क्वचितच कुणी लिहितं. लिहिलात तर वेगळे दिसाल.

सुरुवात कुठून? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौदावं सूक्त, म्हणजे यमसूक्त, मग पुरुषसूक्त, मग छांदोग्याचा पाचवा अध्याय, आणि बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेतला याज्ञवल्क्य आणि गार्गी यांचा संवाद. आधी हे मूळ वाचा, टीका-टिप्पणी नंतर. पहिल्या वाचनात फार काही हाती लागणार नाही. लागत नाही कुणालाच. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी काळ लिहायला घ्या.