लूपमध्ये सतरा, बाहेर शून्य

महाप्यात नाइट शिफ्टला सपोर्टला होतो. रात्रीत किती फाइली फेल झाल्या, याचा मेल रोज सकाळी ६ वाजता जायचा. बॅशमधली (लिनक्सवर कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) स्क्रिप्ट माझीच. ग्रेपचं (हव्या त्या ओळी शोधणारी कमांड) आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट पुढचीला देणारी | खूण) व्हाइल-रीडला (एकेक ओळ वाचणारा लूप) द्यायचं, दर ओळीला काउंट एकने वाढवायचा आणि डनच्या (लूप संपवणारा शब्द) खाली तो मेलमध्ये टाकायचा. तीन आठवडे मेलमध्ये शून्य. मी खूश, लीडही खूश. मग एका सकाळी क्लायंटनेच फोन करून १७ फाइलींचं विचारलं.

लूपच्या आत काउंट छापणारा इको टाकला: १, २, ३... १७. डननंतर टाकला: ०.

आता हे सावकाश वाचा. बॅश पाइपमधली प्रत्येक कमांड वेगळ्या सबशेलमध्ये (मूळ शेलची वेगळी प्रत) चालवतं. म्हणजे पाइपच्या उजवीकडचं अख्खं व्हाइल काउंटची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या खोलीत बसतं, बेरीज त्या झेरॉक्सवर करतं, आणि लूप संपला की कागदासकट नाहीसं होतं. मूळ काउंटला कोणी हातच लावलेला नसतो. एरर येत नाही, हीच खरी रड. पाइपपुढे नुसतं रीड लावून व्हेरिएबल भरायला गेलात तरी तेच.

मला सबशेलची शंका आली होती हो! आत-बाहेर $$ (शेलचा पीआयडी, म्हणजे प्रोसेस नंबर) छापून पाहिलं, नंबर एकच. म्हणून शंका सोडली आणि अख्खी शिफ्ट ग्रेपला शिव्या देण्यात घालवली. $$ सबशेलमध्येही मूळ शेलचाच पीआयडी देतो. खरा नंबर बॅशपिड हे व्हेरिएबल दाखवतं. हे मला सांगायला कोणी नव्हतं. सीनियरचं उत्तर एकच: 'माझ्याकडे तर चालतं.' चालणारच, तो कॉर्नशेल या दुसऱ्या शेलवर होता. तिथे पाइपमधली शेवटची कमांड मूळ शेलमध्येच चालते. असा गुरू भेटला तर आधी शेल कोणता ते विचारा.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. डावीकडचा पाइप काढा आणि कमांड डनपुढे < <( ) मध्ये टाका. दोन कोनांमधली जागा खाऊ नका. वर शेबँग (स्क्रिप्टची #! वाली पहिली ओळ) बॅशचाच हवा. उबंटूत एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल, तो सरळ सिंटॅक्स एरर देतो. बॅश ४.२ पासून लास्टपाइपही (शेवटची कमांड मूळ शेलमध्येच चालवायचा पर्याय) आहे, पण मी वापरत नाही. जॉब कंट्रोल (कमांड मागे-पुढे पाठवायची सोय, टर्मिनलवर ती चालू असते) चालू असताना ते लागू होत नाही, त्यामुळे टर्मिनलवर एक दिसतं आणि स्क्रिप्टमध्ये दुसरं. आणि नुसता आकडाच हवा तर लूप कशाला? $( ) मध्ये (कमांडचं आउटपुट तिथेच आणून देतं) मायनस सी (ओळी मोजायचा पर्याय) लावलेला ग्रेप ठेवा, झालं. मजकूर साठवलात तर वापरताना डबल कोट घाला, नाहीतर सगळ्या ओळी एका रांगेत येतात. फंक्शनमध्ये लोकल (फंक्शनपुरतं व्हेरिएबल बनवणारी कमांड) आणि $( ) एकाच ओळीत लिहू नका, कमांड फेल झालेली कळतच नाही.

'१०० शेल ट्रिक्स' छाप पीडीएफ मात्र डिलीट करा. माझा तो लूप तिथूनच उचललेला.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मेलमध्ये ४ आलं. चार फाइली फेल, आणि मी शेअर रिक्षात घणसोली स्टेशनपर्यंत एकटाच हसत होतो.