पाणी तोडायला शिका: नाशिकच्या परसातली फळझाडं

नाशिकच्या परसात फळझाड मरतं ते बहुधा तहानेने नाही, मुळाशी पाणी साचून. वर काळी माती, खाली मुरूम नाहीतर दगड, आणि बंगल्याचा प्लॉट असेल तर मध्ये बांधकामाचा राडारोडा. म्हणून रोप आणण्याआधी फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांतही जिरलं नाही, तर त्या जागी खड्डा करून झाड लावू नका. दीड फूट उंच आणि चार फूट रुंद गादीवाफा विटांनी बांधून घ्या.

भरायला दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक मुरूम किंवा जाडी वाळू आणि दर झाडामागे पाव किलो निंबोळी पेंड. कुंडीलाही हेच मिश्रण चालतं. नुसती काळी माती कुंडीत कधीच नको. ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून कुंडी ओली दिसते, मुळं मात्र कोरडी.

लावणी जूनअखेरीस, एकदोन चांगले पाऊस झाल्यावर करा. कलमाचा जोड मातीच्या वर किमान चार बोटं राहू द्या. जोड पुरला गेला तर त्यावर कूज येते किंवा वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचा उपयोगच संपतो.

आता मुख्य गोष्ट. घरच्या बागेत रोज पाणी मिळतं, म्हणून झाड पानांनी भरतं आणि फुलायचं विसरतं. फळासाठी ताण हवा, म्हणजे काही दिवस पाणी बंद. आंबे बहार (फुलं जानेवारी-फेब्रुवारीत), मृग बहार (जून-जुलैत) आणि हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरात) हे शब्द बागायतदारांच्या तोंडी असतात ते याचसाठी: पाणी कधी तोडायचं यावर फळ कधी येणार ते ठरतं.

डाळिंबाचंच घ्या. सटाणा, देवळा, मालेगावकडच्या ‘भगवा’ जातीचं कलम शहरातही सहज मिळतं. जमिनीतल्या झाडाला डिसेंबरात पाणी थांबवा. काळ्या मातीत ताण बसायला महिना-दीड महिना लागतो, कुंडीत दहा-पंधरा दिवस पुरतात. निम्मी पानं पिवळी पडून गळली की ताण बसला. मग फांद्यांचे शेंडे चार-सहा इंच छाटा, उरलेली पानं उतरवा, मोठ्या झाडाला दहा किलो शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड देऊन पहिलं पाणी हलकं द्या. एकदम भरपूर पाणी दिलं तर फुलांऐवजी पालवीच जोर धरते.

या आंबे बहाराचं फळ पावसाच्या तोंडावर किंवा पावसातच पिकतं आणि तेव्हाच तेल्या (फळांवर तेलकट काळे डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) गाठतो. कुंडीतलं झाड असेल तर हस्त बहार धरा: ऑगस्ट-सप्टेंबरात कुंडी पत्र्याखाली सरकवून ताण द्या, फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, कोरड्या हवेत. शेतातल्या झाडाला पावसात ताण देणं अवघड. कुंडीवाल्याचा हा एवढा एक फायदा.

फुलगळीला घाबरू नका. बुड निमुळतं असलेली फुलं नर, ती गळणारच. घागरीसारखं फुगीर बुड असलेली फुलं धरतात. कुंडीतल्या झाडावर सहा-आठ फळं पुरेत. फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवी बांधा, नाहीतर फुलपाखराची अळी आत शिरते. फळ तडकतं ते बहुतेकदा चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी या सवयीने.

कागदी लिंबालाही हस्त बहाराचाच ताण; मग लिंबं उन्हाळ्यात येतात, नेमकी बाजारात महागतात तेव्हा. लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर खत वाढवू नका. चुनखडीची माती किंवा बोअरचं जड पाणी असलं की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह पाकिटावरच्या मात्रेत मुळाशी द्या. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी आहे, हाताने वेचा.

द्राक्षाचा एक वेल फाटकावरच्या मांडवाला पुरतो. डॉगरिज खुंटावरचं (मुळांसाठी वापरतात त्या जातीवरचं) कलम घ्या, ते क्षार आणि पाण्याची ओढ सोसतं. पहिलं वर्ष फक्त खोड आणि ओलांडे (मांडवावर आडव्या जाणाऱ्या मुख्य फांद्या) तयार करण्यात जाऊ द्या. पुढे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलमधल्या खरड छाटणीत काडी एका डोळ्यावर आणा, म्हणजे बुडाशी अंकुराची एकच गाठ ठेवून कापा. त्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढच्या घडाची तयारी होते, आणि तिला कडक ऊन लागतं. इमारतीच्या सावलीतला वेल म्हणूनच नुसता पानांचा मांडव होतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी: तपकिरी पक्की काडी सहा ते आठ डोळ्यांवर कापा. घड फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. शेतात डोळे सारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, घरी आणूच नका. डोळे मागेपुढे फुटले तरी घरच्यापुरती द्राक्षं मिळतात.

परतीच्या पावसात डावणी (पानांवर तेलकट पिवळे डाग पाडणारा रोग) येते, थंडीत भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी). छाटणीनंतर, डोळे फुटण्याआधी, एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) मारा: १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र ओता. त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर बसला तर थोडा चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

वेगळ्या फळांत ड्रॅगन फ्रूट सगळ्यात कमी लाडाचं. गुजरात सरकारने २०२१ साली त्याला ‘कमलम’ म्हटलं, पण रोपवाटिकेत ड्रॅगनच मागा. सहा फुटी सिमेंटचा खांब दीड फूट गाडा, वर जुना टायर बसवा. कापलेला तुकडा आठवडाभर सावलीत सुकवून मग लावा, नाहीतर बूड कुजतं. एकच फांदी टायरपर्यंत नेऊन शेंडा खुडा, म्हणजे फांद्या लोंबतात आणि त्यांवर कळ्या येतात. फूल रात्री उमलतं, सकाळी मिटतं. लाल गराच्या काही जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, तेव्हा रात्री नऊ-दहाला ब्रश घेऊन उभं राहावं लागतं. फुलापासून महिन्याभरात फळ. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेला हिरवी जाळी बांधा, नाहीतर फांद्या उन्हाने पिवळ्या पडून करपतात.

सीताफळ फुलतं भरपूर, धरतं थोडं, कारण एकाच फुलातला मादी भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो. संध्याकाळी पूर्ण उघडलेल्या फुलांतला पराग डबीत झाडून घ्या आणि सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांना मऊ ब्रशने लावा.

तुतीला छाटणी करा आणि पानं उतरवा, नव्या फुटीबरोबर फळं येतातच. अंजिराची पेन्सिलएवढी काडी जानेवारीत लावा. पावसात पानांवर तांबेरा (गंजासारखे ठिपके पाडणारी बुरशी) आला तर ती पानं गोळा करून टाका. स्ट्रॉबेरी सुरगाण्याकडे होते तशी इथल्या कुंडीतही होते: रोप ऑक्टोबरात लावा आणि गाभा मातीच्या पातळीवरच ठेवा, पुरला तर कुजतो.

गच्चीवर वीस इंची कुंडी ओल्या मातीसह ऐंशी ते शंभर किलोंपर्यंत जाते. ती स्लॅबच्या मधोमध नाही, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवा. पेरू असेल तर फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचा (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा पेरू कच्चा असतानाच लावा. फळ पिवळं पडल्यावर लावलेला सापळा उशिराचा, तोवर अंडी आत गेलेली असतात.