लहान प्रमाणावर सोनं खोदणाऱ्या गटाला परवाना काढून द्यायचाय? फॉर्म नंतर भरा, आधी हे करा

लोक थेट फॉर्म कुठे मिळतो ते विचारतात. पण आधी जमीन बघा. बऱ्याच देशांत वरची जमीन एकाची आणि खालचं खनिज सरकारचं असतं, त्यात तोच पट्टा एखाद्या मोठ्या कंपनीला आधीच देऊन झालेला असतो, मग गटाने कितीही चकरा मारल्या तरी अर्ज पडूनच राहणार. म्हणून खड्ड्यांचे जीपीएस पॉइंट घ्या आणि खाण खात्याच्या नकाशावर टाकून बघा. जागा कंपनीची निघाली तर तेवढा तुकडा सोडा नाहीतर करारावर खोदू द्या अशी बोलणी करावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो. देशाची अटही वाचा. घानात लहान खाणकाम 1989 पासून कायदेशीर आहे पण परवाना फक्त तिथल्याच 18 वर्षांवरच्या नागरिकांना मिळतो, फिलिपाइन्समध्ये 1991 च्या कायद्याने सरकारने जाहीर केलेल्या 'मिनाहांग बायान' पट्ट्यातच खोदता येतं.

मग गट. यादी करताना फक्त खड्ड्यात उतरणारे पुरुष लिहिले जातात, दगड फोडणाऱ्या, माती धुणाऱ्या बायका राहून जातात आणि परवाना आला की त्याच बाहेर पडतात. त्यांची नावं पहिल्याच दिवशी घाला. कोणाचा वाटा किती तेही लिहून ठेवा, नाहीतर सोनं लागलं की भांडणं ठरलेली. पोरं मात्र कुठल्याच कामावर नकोत, अगदी पाणी आणायलाही.

आता पारा, म्हणजे दगडातलं सोनं पकडायला वापरतात तो, इथे घाई करू नका. 2017 पासून लागू झालेल्या मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, काही गोष्टी मुळापासून बंद करायला सांगितल्यात: सगळ्या दगडात पारा ओतणं, सोनं आणि पारा मिळून झालेला गोळा बंद भांड्याशिवाय किंवा वस्तीत जाळणं, आणि पारा लागलेली माती तशीच सायनाइडमध्ये, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या विषारी रसायनात, टाकणं. सगळ्यात बरं म्हणजे माती आधी उतरत्या पन्हळीत धुऊन सोनं दाट करून घ्यायचं, मग पारा कमी लागतो, कधी कधी लागतच नाही. गोळा जाळायचाच असेल तर रिटॉर्टमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाचं लोखंडी भांडं, झाकणातून वाकवून खाली आणलेली नळी, नळीवर ओलं फडकं, खाली पाण्याचा वाडगा. नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, पाण्याच्या जरासं वर ठेवा, कारण भांडं थंड होताना पाणी आत ओढलं जातं आणि गरम भांडं फुटू शकतं. पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. हे सगळं घरापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून.

दगडात शिसं आहे का तेही तपासून घ्या. नायजेरियातल्या झामफारात 2010 मध्ये शिशाचे दगड घराशेजारीच दळले गेले आणि त्या विषबाधेत 400 हून जास्त लहान मुलं गेली. दळण्याची चक्की वस्तीत नको म्हणजे नकोच.

शेवटी खरेदीदार, आणि माझ्या मते परवाना टिकतो की नाही ते इथेच ठरतं. दलाल डिझेल, पंप, पारा सगळं उधारीवर देतो आणि सोनं त्याच्याच भावाने उचलतो, म्हणून परवाना असूनही माल चोरवाटेनेच जातो. नुसत्या धाडी घालून हे थांबत नाही, लोक चार डोंगर पलीकडे जाऊन खोदतात. टांझानियाने 2019 मध्ये सरकारी खनिज बाजार उघडले आणि छोट्या खाणवाल्यांवरचा 18 टक्के व्हॅट आणि 5 टक्के विथहोल्डिंग टॅक्स (विक्रीच्या पैशातूनच कापला जाणारा कर) काढला, म्हणजे कायदेशीर विकणं परवडायला लागलं. तुमच्याकडे असा बाजार असेल तर पहिला माल तिथेच विका, आणि उधारी फेडायला बँक किंवा पतसंस्थेचं छोटं कर्ज बघा, परवाना हातात असला की ते मागायला तोंड तरी असतं. पावत्या सांभाळून ठेवा, परवाना रिन्यू करताना उत्पादन किती आणि रॉयल्टी, म्हणजे खनिजावरचा सरकारचा हिस्सा, भरली का हे विचारतात.