मुलीच्या फाइलवरचा चुकीचा कोड असा बदलून घेतला

माझी मुलगी डाव्या कोपराखालचा हात नसतानाच जन्मली. कृत्रिम हाताचा क्लेम परत आला, शेरा होता: ‘इजेची तारीख नाही’. इजा झालीच नव्हती, तर तारीख कुठून आणायची?

डिस्चार्जच्या कागदावर कोड होता झेड ८९. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत, तो अवयव नंतर गमावलेल्यांसाठी असतो. जन्मजात अभावासाठी हाताला क्यू ७१, पायाला क्यू ७२. अवयव कोणता हेच नोंदवलेलं नसेल, तर क्यू ७३.

नुसतं ‘कोड बदला’ म्हणून भागत नाही. डॉक्टरांनी जे लिहिलंय त्यावरूनच कोडर, म्हणजे फाइलवर कोड घालणारा कर्मचारी, कोड देतो. म्हणून अस्थितज्ज्ञांना एक्स-रे दाखवून स्पष्ट लिहून घेतलं: जन्मजात, आडवा अभाव (म्हणजे एका पातळीखालचा सगळाच भाग नाही), डावी बाजू, कोपराखालचा भाग आणि पंजा दोन्ही नाहीत. ते पत्र जोडून रेकॉर्ड विभागात दुरुस्तीचा अर्ज दिला. क्यू ७१.२ लागला, क्लेम मंजूर झाला. हे भांडण लवकर करावं, कारण बाळ बसायला लागलं की, साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास, पहिला साधा कृत्रिम हात बसवतात.

कोपराखालचं अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडियस, अपुरं असेल किंवा नसेलच तर कोड क्यू ७१.४. अशा बाळाच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती: हृदयाची इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. या अभावासोबत तिथेही दोष असू शकतात.