वांगारी : किकुयू मुलीचं नाव कसं वाचायचं

आधी उच्चार. केनियातल्या किकुयू भाषेत या नावाच्या रोमन स्पेलिंगमधल्या शेवटच्या ‘ई’वर (i) टिंबाऐवजी लाटेसारखी खूण असते आणि तो स्वर ‘ए’कडे झुकतो, म्हणजे जवळपास ‘वांगारे’. तीच खूण ‘उ’वर (u) आली की ‘ओ’ ऐकू येतो : वांजिकूची वांजिको होते. सरकारी कागदांत ही खूण सहसा गळते, त्यामुळे छापील स्पेलिंगवर विसंबू नका.

मग नाव फोडा. ‘वा’ म्हणजे ‘-ची’, ‘न्गारी’ म्हणजे बिबट्या. बिबट्याची ती वांगारी.

पण आई-बाप बिबट्या मनात धरून हे नाव ठेवत नाहीत. पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव मिळतं, दुसरीला आईच्या आईचं. त्यानंतर आत्या आणि मावश्या, आलटून पालटून, वयाच्या क्रमाने. तेव्हा थोरलीच वांगारी असेल, तर तिची वडिलांकडची आजी वांगारी असणार. आजीच लेक होऊन आली असं मानतात, म्हणून बाप पोरीला लाडाने ‘आई’ म्हणतो.

नावाचं मूळ मात्र कथेत आहे. गिकुयू आणि मुंबी या किकुयूंच्या आद्य जोडप्याच्या मुलींपैकी ही एक. कथेचं ठिकाण केनियातल्या मुरांगा भागातलं ‘मुकुर्वे-वा-न्यागाथांगा’. मुलींवरून कुळं पडली, वांगारीचं ते आंगारी. मुली मोजल्या तर दहा होतात, तरी ‘भरलेले नऊ’ म्हणायचं, कारण माणसं नेमकी मोजणं अशुभ. यादीत दहा नावं दिसली म्हणून एक खोडू नका.

सगळ्यात जास्त चूक इथे होते : वांगारी नाव दिसलं की कुळ आंगारी धरलं जातं. नाव आजीचं, कुळ बापाचं. कुळ हवं असेल तर ते सरळ विचारावं लागतं.

पुढचं नावही तपासा. ते वडिलांचं असू शकतं किंवा नवऱ्याचं. २००४ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी वांगारी माथाई माहेरच्या वांगारी मुता. घटस्फोटानंतर नवऱ्याने आपलं आडनाव सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ (a) घातला आणि ते ठेवून घेतलं.